एइबार: कर्ज नसलेल्या क्लबकडे कायद्याने मागितलेले १७ लाख युरो

जमाखर्च
२०१४च्या मे महिन्यात एइबार हा फुटबॉल क्लब स्पेनच्या पहिल्या विभागात (ला लीगा) चढला तेव्हापासून त्याच्यावर जे लिहिलं गेलं त्यातलं निम्मं परीकथा छापाचं आहे. सत्तावीस हजार वस्तीचं गाव, डोंगराच्या कुशीतलं पाच-सव्वापाच हजारांचं मैदान, समोर बार्सिलोना वगैरे. खोटं नाही, पण त्यात क्लब तगला कसा ते कळत नाही. एइबारचा इतिहास ताळेबंद हातात धरून वाचावा असं माझं ठाम मत आहे. धागा त्यासाठीच.

आधी थोडक्यात कुंडली. गाव बास्क प्रांतातल्या गिपुस्कोआ जिल्ह्यात, एगो नदीच्या अरुंद खोऱ्यात, बिल्बाव आणि सान सेबास्तिआन यांच्या साधारण मध्यावर. धंदा बंदुका बनवण्याचा, त्यामुळे संघाला आजही ‘आर्मेरोस’ म्हणजे बंदूकवाले म्हणतात. यादवी युद्धात १९३७ला गावावर जबर बॉम्बफेक झाली. सावरत असतानाच ३० नोव्हेंबर १९४०ला देपोर्तिव्हो गाल्यो आणि उनिओन देपोर्तिव्हा एइबारेसा या दोन स्थानिक संघांचं विलीनीकरण होऊन आजचा क्लब झाला. इपुरुआ मैदान १९४७चं. १९५३ ते ५८ पाच हंगाम सेगुंदात (दुसरा विभाग), मग तीस वर्षं खालच्या विभागांत. १९८८ला पुन्हा सेगुंदा, आणि तिथे सलग अठरा हंगाम, २००६पर्यंत. माझ्या लेखी ही अठरा वर्षं ला लीगातल्या सात वर्षांइतकीच मोठी कामगिरी आहे. त्या काळात सेगुंदातले कितीतरी मोठे क्लब कर्जात बुडाले, एइबारने मात्र खर्च कधी जमेच्या पुढे जाऊ दिला नाही.

पुढे २००६ला सेगुंदा बीमध्ये (तेव्हाचा तिसरा विभाग) घसरण, २००७ला वर, २००९ला परत खाली, २०१३ला वर आणि लगेच २०१४ला सेगुंदाचं विजेतेपद. ४२ सामन्यांत ७१ गुण, प्रशिक्षक गाइस्का गारितानो. वर्षाचं अंदाजपत्रक ४० लाख युरोंच्या आसपास, विभागात सगळ्यात लहान. आणि नेमक्या त्याच उन्हाळ्यात सरकारी नियमाने सांगितलं: ६ ऑगस्टपर्यंत १७,२४,२७२.९५ युरोंचं नवं भागभांडवल उभारा, नाहीतर थेट सेगुंदा बीमध्ये जा.

खारीक
हेच मला कधी नीट कळलं नाही. कर्ज शून्य, नफ्यात चाललेला क्लब. मग पैसे कशापायी?

जमाखर्च
कायदा कर्जबाजारी क्लबांसाठी केलेला आणि लावताना सगळ्यांना एकच माप, म्हणून. क्रमाने सांगतो.

१९९०च्या क्रीडा कायद्याने (१०/१९९०) व्यावसायिक विभागात खेळणाऱ्या क्लबांना ‘सोसिएदाद आनोनिमा देपोर्तिव्हा’, म्हणजे क्रीडा भागभांडवली कंपनी व्हायला लावलं. ज्यांचा ताळेबंद तेव्हा सुस्थितीत होता अशा चौघांना सूट: रेआल माद्रिद, बार्सिलोना, आथलेतिक बिल्बाव आणि ओसासुना. हे चार अजून सदस्यांच्या मालकीचे आहेत. बाकीचे कंपन्या झाले.

किमान भांडवल किती हवं, हे १९९९च्या रॉयल डिक्री (सरकारी हुकूम) १२५१ने ठरवलं. दोन रकमांची बेरीज. पहिली: त्या विभागातल्या सगळ्या क्लबांचा खर्च घ्या, सर्वाधिक खर्चाचे दोन आणि सर्वात कमी खर्चाचे दोन वगळा, उरलेल्यांची सरासरी काढा, तिचा २५ टक्के. दुसरी: क्लबच्या ताळेबंदात तूट असेल तर ती पूर्ण भरून काढायची रक्कम.

एइबारची दुसरी रक्कम शून्य होती, तूटच नव्हती. पण पहिल्या रकमेत क्लबचा स्वतःचा खर्च कुठेच येत नाही! एइबारकडून एकूण २१,४६,५२५.९५ युरोंचं भांडवल अपेक्षित होतं. चारने गुणलं तर सरासरी खर्च ८५ लाख ८६ हजारांच्या वर जातो, म्हणजे एइबारच्या वर्षभराच्या खर्चाच्या दुपटीहून जास्त. शेजारी उधळतात म्हणून तुमची अनामत वाढणार, असा हा प्रकार. आधीचं भांडवल होतं ४,२२,२५३ युरो. पेसेता-युरोच्या १६६.३८६ या कायम दराने त्याचे जवळपास सात कोटी पेसेता होतात. वजाबाकी केली की तो सुप्रसिद्ध १७ लाख २४ हजारांचा आकडा मिळतो.

अजून एक बारीक गोष्ट, जी बहुतेक बातम्यांतून निसटली. ही मागणी ला लीगात चढल्यामुळे आलेली नव्हती. सेगुंदा बी व्यावसायिक विभागात मोडत नव्हती, त्यामुळे तिथे असताना नियम लागू नसायचा. २०१३ला सेगुंदात परतताच तो लागू झाला आणि पूर्ततेची मुदत २०१४च्या ऑगस्टमध्ये संपत होती. त्या वर्षी एइबार सेगुंदात दहावा आला असता तरी पैसे भरावेच लागले असते. उलट वर चढल्याने जगाचं लक्ष गेलं, हेच नशीब.

पाऊलवाट
हिशेब आवडला. पण एखाद्या स्थानिक कारखानदाराने एकरकमी १७ लाख टाकले असते तर दोन दिवसांत विषय संपला असता. गावात पैसेवाले कमी नसावेत.

जमाखर्च
तेच टाळायचं होतं. तेव्हाचे अध्यक्ष आलेक्स आरान्साबाल आणि त्यांच्या मंडळाने शेअर ५० युरोंना ठेवला आणि एका व्यक्तीला जास्तीत जास्त एक लाख युरो अशी मर्यादा घातली. वाढीव भांडवलासाठी सुमारे ३४,५०० शेअर लागत होते, त्यातले एकाला फार तर दोन हजार मिळणार. एकूण भांडवलात एक लाख म्हणजे ४.६६ टक्के. क्रीडा कंपनीत पाच टक्के किंवा त्यावरचा हिस्सा ‘लक्षणीय’ धरला जातो आणि सरकारच्या क्रीडा परिषदेला कळवावा लागतो. २५ टक्के ओलांडायचे तर परिषदेची आगाऊ परवानगी लागते. एइबारची मर्यादा बरोबर पाचच्या खाली येते. योगायोग असेल किंवा कुणीतरी बसून काढलेला हिशेबही असेल.

कामाचा क्रमही ठरलेला असतो. आधी सर्वसाधारण सभेत भांडवलवाढीचा ठराव. मग पहिली फेरी जुन्या भागधारकांसाठी, कारण स्पॅनिश कंपनी कायद्याने त्यांचा पहिला हक्क असतो. उरलेले शेअर मग सगळ्यांसाठी खुले. शेअर नोंदणीकृत, म्हणजे नावावरच, आणि रक्कम पूर्ण व रोखीत भरलेली. वस्तू किंवा जमीन देऊन भांडवल वाढवता येत नाही. हप्त्यानेही नाही. जगभरातून ५०-५० युरो येत असताना प्रत्येकाचं नाव, ओळखपत्र, बँकेचा व्यवहार जुळवत बसणं हीच खरी मेहनत असते. मोहिमेचं नाव होतं ‘देफिएन्दे आल एइबार’, एइबारचं रक्षण करा. जुलैच्या मध्यालाच लक्ष्य पार झालं, डझनावारी देशांतून भागधारक आले. शाबी आलोन्सो आणि दाविद सिल्वा यांनी जाहीर पाठिंबा दिला. दोघेही कोवळ्या वयात इथे उसन्या करारावर खेळून गेलेले, आलोन्सो २०००-०१च्या पहिल्या टप्प्यात आणि सिल्वा २००४-०५मध्ये.

खारीक
आता लख्ख कळलं. ‘शेजारी उधळतात म्हणून अनामत’ हे वाक्य ढापणार आहे.

मडगावचो
ओव्हिएदो क्लबनेही असंच केलं होतं ना त्याच सुमारास?

जमाखर्च
दोन वर्षं आधी, २०१२ला. वरवर सारखं दिसतं, रोग मात्र वेगळा. ओव्हिएदो खरोखर बुडत होता. त्यांनी शेअर १०.७५ युरोंना विकले, जगभरच्या चाहत्यांनी घेतले, तिथे तयार झालेले खेळाडू काझोर्ला, माता, मिचू यांनीही घेतले. पण शेवटी निर्णायक ठरले मेक्सिकोच्या कार्लोस स्लिम यांच्या कार्सो समूहाचे २० लाख, आणि क्लब त्यांच्या ताब्यात गेला. डिक्रीच्या भाषेत सांगायचं तर ओव्हिएदोचा प्रश्न दुसऱ्या रकमेचा, एइबारचा पहिल्या. म्हणूनच एइबारला मालक न आणता सुटता आलं. जिथे भोक बुजवायचं असतं तिथे ५० युरोवाले पुरत नाहीत.

लांबथ्रो
पैशाचं झालं, आता मैदानाकडे वळू या का? २०१४-१५चा पहिला ला लीगा हंगाम नीट पाहण्यासारखा आहे. २४ ऑगस्टला पहिलाच सामना जिल्ह्यातल्या थोरल्या भावाशी, रेआल सोसिएदादशी. हावी लाराची फ्री किक, १-०. पहिल्या १९ सामन्यांत २७ गुण आणि पहिल्या आठांत जागा. उरलेल्या १९ सामन्यांत फक्त ८ गुण. हंगाम संपला ३५ गुणांवर, अठरावा क्रमांक, म्हणजे घसरण.

इतकी पडझड का? लोक म्हणतात दम संपला, प्रतिस्पर्ध्यांनी ओळखलं. दोन्ही खरं. पण बारकाईने पाहिलं तर जानेवारीत राउल आल्बेन्तोसा डर्बी काउंटीला गेला, आणि बचावाचा कणाच निघाला. उंच, हवेत चेंडू जिंकणारा, सेट पीसला (फ्री किक, कॉर्नर) गोल करणारा मध्य बचावपटू. गारितानोचा संघ खोलवर उभा राहून क्रॉस झेलायचा, त्यात असा एक माणूस काढला की सगळं सैल पडतं.

आणि क्लबला त्याला थांबवता येत नव्हतं. स्पेनमध्ये १९८५च्या रॉयल डिक्री १००६नुसार व्यावसायिक खेळाडू भरपाई देऊन करार एकतर्फी मोडू शकतो. ती भरपाई करारातच आकड्यात लिहून ठेवतात, त्यालाच रिलीज क्लॉज म्हणतो आपण. नवा क्लब रक्कम पुरवतो, ती लीगकडे जमा होते, खेळाडू मोकळा. विकणाऱ्याने हो म्हणायची गरजच नाही. छोट्या क्लबला इथेच पेच पडतो. क्लॉज मोठा लिहायचा तर खेळाडू त्या प्रमाणात पगार मागतो, आणि एइबारची पगाराची चौकट ठरलेली. म्हणून क्लॉज लहान, आणि ऐन जानेवारीत कुणी उचलला की बदली शोधायला दोन-तीन आठवडे.

पुढे याच यंत्राचा त्यांनी फायदाही करून घेतला. फ्लोरियाँ लेज्यून एका हंगामात तयार झाला आणि २०१७च्या उन्हाळ्यात न्यूकॅसलने सुमारे एक कोटी युरोंचा क्लॉज भरला. उन्हाळ्यात गेला हे महत्त्वाचं, कारण पर्याय शोधायला वेळ असतो. नंतर जोआन जॉर्दान सेव्हियाला १.४ कोटींना गेला.

पाऊलवाट
पण ३५ गुणांवर आणखी दोन संघ होते ना? मग एइबारच का घसरला?

लांबथ्रो
होय, देपोर्तिव्हो ला कोरुन्या आणि ग्रानादा, दोघेही ३५वर. स्पेनमध्ये समान गुण झाले की आधी आपापसातले सामने पाहतात, एकूण गोलफरक नंतर. तीन संघ समान असतील तर तिघांमधल्याच सामन्यांची छोटी गुणतालिका मांडतात. तिच्यात एइबार तळाला. शेवटच्या दिवशी कोर्दोबाला ३-० हरवूनही काही उपयोग झाला नाही, कारण त्याच संध्याकाळी देपोर्तिव्होने बार्सिलोनाच्या मैदानावर ०-२वरून २-२ बरोबरी साधली आणि ग्रानादाने आत्लेतिकोला ०-० रोखलं. इंग्लंडची लीग पाहणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ उडतो. गोलफरक मोठा करायला शेवटच्या सामन्यात धावायचं आणि मग कळायचं की तो मोजलाच जाणार नाही.

गारितानोने राजीनामा दिला. आणि दोन आठवड्यांत, ५ जूनला, एल्चेला देण्यांपायी प्रशासकीय कारवाईने खाली ढकललं. एल्चे मैदानावर तेरावा आला होता, ४१ गुण! रिकामी झालेली जागा अठराव्या एइबारला.

मडगावचो
या एल्चेत तेव्हा कोण होता सांगू? फेर्रान कोरोमिनास. आमचा कोरो! २०१२ ते १५ तो एल्चेकडेच होता, चढताना आणि ही कारवाई होतानाही. पुढे मायोर्का, सायप्रस करत २०१७ला एफसी गोवाकडे आला आणि आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) ओळीने दोन हंगाम सर्वाधिक गोल, १८ आणि १६. फातोर्ड्याला त्याच्या नावाने ओरडणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की त्याचा आधीचा क्लब कागदावर घसरला म्हणून एइबार तगला.

खारीक
हा धागा कुठून कुठे पोचला! वाचतेय, चालू द्या.

जमाखर्च
मडगावचो, भारी दुवा. एल्चेची केस या धाग्यात चपखल बसते. नफ्यातल्या एइबारला भांडवल वाढवायला लावणारा नियम एल्चेचा पैसा कुठे जातो हे वेळेवर पकडू शकला नाही. भांडवल हा एका दिवसाचा फोटो असतो, करथकबाकी रोज वाढते. खऱ्या अर्थाने चाप लावला तो लीगने २०१३पासून आणलेल्या संघखर्च मर्यादेने. दर हंगामाआधी प्रत्येक क्लबच्या अपेक्षित उत्पन्नातून रचनात्मक खर्च आणि कर्जफेड वजा करायची, उरेल तेवढंच खेळाडू आणि प्रशिक्षकांवर. मर्यादेबाहेरच्या खेळाडूची नोंदणीच होत नाही. एइबारला याचा त्रास झाला नाही, ते आधीपासून असंच जगत होते. मर्यादा आल्यावर बाकीचे त्यांच्या पातळीला खेचले गेले, असं म्हणता येईल.

दुसरी गोष्ट टीव्हीची. ३० एप्रिल २०१५चा सरकारी आदेश ५/२०१५. त्याआधी प्रत्येक क्लब प्रक्षेपण हक्क स्वतः विकायचा आणि दोन बड्यांकडे डोंगर जमायचा. आता विक्री एकत्र. ९० टक्के पहिल्या विभागाला, १० दुसऱ्याला. पहिल्या विभागाच्या वाट्यातले ५० टक्के सगळ्यांना समान, २५ टक्के मागच्या पाच हंगामांच्या निकालांवर, २५ टक्के ‘सामाजिक व्याप’ नावाच्या निकषावर (यात एक तृतीयांश तिकीटविक्री आणि सभासदत्व, बाकी प्रक्षेपणातला वाटा). शेवटच्या निकषात एइबारला जवळपास काही मिळत नाही, गावच केवढं. पण समान वाट्याने सगळं बदललं. गारितानोनंतरचे प्रशिक्षक मेंदिलिबार यांच्या काळातला क्लब या पैशावर उभा होता, शेअरमोहिमेच्या नाही. मोहिमेने दार उघडलं, पगार टीव्हीने दिले.

पाऊलवाट
मेंदिलिबारवर कुणीतरी लिहा. तो माणूस दुर्लक्षित राहिलाय.

लांबथ्रो
सेव्हियाला २०२३ला युरोपा लीग जिंकून दिल्यावर आता तेवढा दुर्लक्षित नाही, पुढच्याच वर्षी ऑलिंपिआकोसला कॉन्फरन्स लीगही. पण एइबारमध्ये केलं ते जास्त अवघड होतं.

होसे लुइस मेंदिलिबार २००४-०५ला इथे होता तेव्हा सिल्वाला घेऊन सेगुंदात चौथा आला होता. ३० जून २०१५ला परत आला आणि सहा हंगाम राहिला. क्रमांक असे: चौदावा, दहावा, नववा, बारावा, चौदावा, विसावा. २०१७-१८चा नववा हा क्लबचा सर्वोत्तम.

पद्धत सांगतो, कारण ‘लाँग बॉल’ म्हणून मोडीत काढतात. ४-४-२ किंवा ४-२-३-१. बचावाची रेषा अर्ध्या मैदानाला टेकलेली, दोन्ही फॉरवर्ड प्रतिस्पर्ध्याच्या मध्य बचावपटूंच्या अंगावर, विंगर फुलबॅकच्या अंगावर. चेंडू हिसकावला की चार-पाच पास करत बसायचं नाही, थेट बाजूला आणि क्रॉस. गोलरक्षकाकडून लांब किक कीके गार्सिया किंवा सेर्जी एन्रिचच्या डोक्यावर, पण खरा डाव त्यानंतरचा. हेडरनंतर चेंडू पडेल तिथे दोन मिडफिल्डर आणि आत सरकलेला विंगर आधीच उभे. तिथे जिंकलं तर प्रतिस्पर्ध्याच्या गोलपासून ३० मीटरवर हल्ला सुरू, हरलं तर लगेच प्रेस, म्हणजे अंगावर धावून चेंडू परत हिसकावणं. स्वतःच्या अर्ध्यात पास चुकण्याचा धोकाच काढून टाकलेला. उसळी मारणाऱ्या, ओल्या, अरुंद वाटणाऱ्या इपुरुआवर हे बिनचूक बसायचं. २४ नोव्हेंबर २०१८ला रेआल माद्रिदला ३-० हरवलं (एस्कालान्ते, एन्रिच, कीके गार्सिया), तो सामना पुन्हा काढून पाहा. माद्रिदच्या बचावपटूला मान वर करायला वेळ मिळत नाही. डाव्या बाजूला बार्सिलोनाकडून उसना आलेला कुकुरेया.

बिघडायचं कुठे? रेषेच्या मागे. प्रेस एका सेकंदाने उशिरा पोचला की पन्नास मीटर मोकळं मैदान आणि समोर मेस्सी. फेब्रुवारी २०२०ला त्याने एकट्याने चार मारले, ५-०. या पद्धतीत फॉरवर्ड थकला की बचाव उघडा पडतो, म्हणून ताजे पाय लागतात, आणि ताजे पाय विकत घ्यावे लागतात. २०२०-२१मध्ये प्रेक्षकांविना मैदान, वय वाढलेला गाभा, आणि गोल कुठूनच नाहीत. ३८ सामन्यांत २९ गोल, त्यातले १२ एकट्या कीकेचे. जानेवारीत आत्लेतिकोविरुद्ध गोलरक्षक दिमित्रोविचने पेनल्टी मारून गोल केला, ती मजा म्हणून ठीक, पण पेनल्टी गोलरक्षकाला द्यावी लागते यात सगळं आलं. ३० गुण, तळाला.

खारीक
इनुईला विसरलात! जपानमध्ये एइबारचं नाव त्याच्यामुळेच पोचलं.

लांबथ्रो
विसरलो नाही, शाई वाचवत होतो. ताकाशी इनुई २०१५ला फ्रँकफुर्टहून आला. मे २०१७ला बार्सिलोनाच्या मैदानावर दोन गोल, सामना तरीही ४-२ गेला. त्याच्या बाबतीत मेंदिलिबारने काय केलं ते मोलाचं: चेंडू पायात असताना तो आधीच छान होता, चेंडू नसताना कुठे उभं राहायचं ते शिकवलं. पेद्रो लेओनचं उलट. त्याच्याकडून धावण्याची अपेक्षाच कमी ठेवली, क्रॉस आणि फ्री किक त्याच्या, मागची धाव फुलबॅक आंदेर कापाची.

पाऊलवाट
आणि २०२१नंतर? दरवर्षी वर येता येता राहतात असं वाटतं.

लांबथ्रो
वाटत नाही, २०२४पर्यंत तसंच झालं. २९ मे २०२२, शेवटचा दिवस, आधीच घसरलेल्या आल्कोर्कोनविरुद्ध. जिंकले असते तर थेट वर. नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत गोल खाल्ला, ०-१. आल्मेरिया आणि व्हायादोलिद ८१वर, एइबार ८०वर. मग प्लेऑफ (वर जायच्या उरलेल्या एका जागेसाठीची बाद फेरी): खिरोनाला त्यांच्या घरी १-० हरवलं, आणि इपुरुआवर जादा वेळेत ०-२. २०२३ला उपांत्य फेरीत आलावेसकडून हार, २०२४ला ओव्हिएदोकडून: तिकडे ०-०, घरी ०-२.

जमाखर्च
खाली गेल्यावर बहुतेक क्लब मोडतात. टीव्हीचं उत्पन्न एका रात्रीत कोसळतं आणि करार ला लीगाच्या पगाराचे राहतात. २०१५च्या आदेशात घसरलेल्यांसाठी ३.५ टक्क्यांचा निधी आहे, पण तो उशी म्हणून पुरतो, पलंग म्हणून नाही. एइबारचे बरेच करार घसरणीबरोबर संपणारे किंवा पगार आपोआप कमी होणारे होते. त्यामुळे २०२१ला जवळपास अख्खा संघ गेला, तरी देणी राहिली नाहीत. हे कंटाळवाणं कलम चाहत्यांना आवडत नाही, पण २०१६ला अध्यक्ष झालेल्या आमाया गोरोस्तिसा यांच्या काळात क्लब कर्जाविना खाली उतरला आणि पुढचे तीन हंगाम वरच्या पाचांत राहिला, ते यामुळेच.

कमावलेला पैसा स्टँडमध्ये गेला, हेही नोंदवायला हवं. पहिल्या विभागासाठी १५,००० आसनं अपेक्षित असताना एइबारने लीगशी बोलून टप्प्याटप्प्याने वाढ केली, आज ८,१६४. एकीकडे डोंगर, दुसरीकडे रहिवासी इमारती, त्यांच्या गॅलऱ्यांतून अजूनही सामना फुकट दिसतो. त्याहून मोठं करायला जागाच नाही.

मडगावचो
बंदुकांचं पुढे काय झालं? गाव अजून तेच बनवतं?

जमाखर्च
शिकारीच्या बंदुका थोड्या उरल्यात. पण पहिल्या महायुद्धानंतर मागणी आटल्यावर हीच लेथ आणि नळ्या ओढायची कसबं सायकलींकडे वळली. ओर्बेआ १८४०ची बंदूक कंपनी, बेएचही मुळात बंदुकांचीच, दोन्ही मूळच्या एइबारच्या. आल्फाची शिलाई यंत्रं याच गावची, १९२०ला कामगारांच्या सहकारी संस्थेतून निघालेली. पन्नासच्या दशकात स्पेनसाठीची लॅम्ब्रेटा स्कूटरही एइबारलाच बनायची. तीच लॅम्ब्रेटा इकडे मुंबईत ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया जुळवत होती. क्लबचे भागधारक आणि शर्टवरचे पुरस्कर्ते कित्येक वर्षं अशाच कारखान्यांतले. सहकाराची सवय आधीपासून असल्याने ‘कुणी एक मालक नको’ हा विचार पटवून द्यावा लागला नाही.

खारीक
एक शेवटचं. आजही कुणी शेअर घेऊ शकतं का? आणि घेतला तर मिळतं काय?

जमाखर्च
शेअर बाजारात नोंद नाही, त्यामुळे ‘खरेदी’ बटण नाही. दुसऱ्या भागधारकाकडून घ्यायचा, व्यवहार क्लबला कळवायचा आणि भागधारक नोंदवहीत नाव लावून घ्यायचं. नोंदवहीत नाव नसेल तर क्लबच्या दृष्टीने तुम्ही भागधारक नाही. कागद हातात असून उपयोग नाही. मिळतं ते सभेतलं मत. लाभांशाच्या आशेने कुणी घेऊ नये. हंगामी तिकीटही त्यातून मिळत नाही, त्याला वेगळं सभासदत्व. स्पॅनिश कंपनी कायदा सभेला हजर राहण्यासाठी किमान शेअरची अट घालू देतो, भांडवलाच्या हजारात एका भागापर्यंत. अशी अट असेल तर थोडे शेअर असलेले एकत्र येऊन एक प्रतिनिधी पाठवू शकतात.

आणि ज्या नियमापायी हे सगळं झालं तो आता गेला. डिसेंबर २०२२च्या नव्या क्रीडा कायद्याने (३९/२०२२) व्यावसायिक विभागात खेळण्यासाठी कंपनी होण्याची सक्तीच काढून टाकली. आज एखादा छोटा क्लब सेगुंदात चढला तर त्याने सदस्यांचाच क्लब राहायला हरकत नाही. एइबार मात्र कंपनीच आहे, डझनावारी देशांतल्या त्या पन्नास-पन्नास युरोवाल्यांसकट.